नाकोबाचा रविवारचा सिगार

गॅस कंपनीत त्याला सगळे नाकोबा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तोही ओ द्यायचा. घराघरांत नळीने जाणारा गॅस कुठे गळतो ते शोधायचं त्याचं काम. एकतीस वर्षं तो तेच करत होता. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला तर लोकांना कळावा म्हणून त्यात एक घाणेरडा वास मुद्दाम मिसळतात, कुजक्या कोबीसारखा. तो वास इतरांना खोलीभर पसरल्यावर यायचा, नाकोबाला जिन्यातच यायचा. दार उघडलं की तो उंबऱ्याशी थांबे, मान जराशी कलती करी आणि म्हणे, "ओट्याखाली. मागच्या अंगाला." मग पिशवीतून यंत्र निघे, ओट्याखाली धरलं की टिकटिक करू लागे, आणि घरातली माणसं यंत्राऐवजी त्याच्या नाकाकडे बघत राहत. नाक दिसायला तसं काही खास नव्हतं. थोडं बसकंच होतं.

माणूस मात्र नाकासमोर चालणारा. सकाळी सातला डबा आणि पिशवी घेऊन बाहेर, संध्याकाळी सहाला घरी. बायको प्राथमिक शाळेत शिकवायची, एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. विडी नाही, सिगारेट नाही, पान नाही. त्यामुळे हा मनुष्य दर रविवारी दुपारचं जेवण झालं की गच्चीवर खुर्ची टाकून सिगार ओढतो, असं कुणी सांगितलं की कंपनीतल्या नव्या माणसाला ती थापच वाटायची.

त्याची सुरुवात एका कप्तानाच्या घरी झाली होती. नाकोबा तेव्हा पस्तिशीचा. बोटीवरून निवृत्त झालेला एक म्हातारा कप्तान एकटाच राहायचा, आणि त्याच्या स्वयंपाकघरात गळती होती. नाकोबाने दारातच विचारलं, की गॅसचं बघतोच, पण हा दुसरा वास कसला? लाकडाचा आहे, चामड्याचा आहे, आणि मधूनच मिरपुडीसारखा काहीतरी झोंबतोय. कप्तानाने अर्ध्या जगाची बंदरं पाहिली होती, पण पायपुसण्यावर उभं राहून आपल्या सिगारची अशी फोड करणारा माणूस त्याला भेटला नव्हता. गळती बंद झाल्यावर त्याने एक सिगार कागदात गुंडाळून दिला, आणि बरोबर शिकवणीही दिली. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात खेळवून सोडून द्यायचा. मिनिटाला एक झुरका पुरे. आणि कामाच्या दिवशी हात लावायचा नाही, कारण तुझं पोट नाकावर आहे.

नाकोबाने ते सगळं तंतोतंत पाळलं. आठवड्याचे सहा दिवस त्याचं नाक एकाच वाईट वासाच्या मागावर पोलिसासारखं फिरायचं. रविवारी त्याला रजा. सिगारच्या पहिल्या भागात ओल्या लाकडाचा वास यायचा, मधे कधी भाजलेल्या कॉफीचा, शेवटी कधी नुसत्या मातीचा. वासांमागे असं हुंदडायला मिळतं हेच त्याला नवल होतं.

पण सिगार ओढण्यापेक्षा सांभाळणं अवघड, हे त्याला हळूहळू कळलं. पहिले पाच विकत आणले ते त्याने फ्रिजमध्ये ठेवले, कारण महागाची वस्तू माणूस फ्रिजमध्येच ठेवतो. पंधरा दिवसांत ते काटक्यांसारखे वाळले आणि त्यांना कांद्याचा वास लागला. पुढच्या खेपेला त्याने ते कपड्यांच्या कपाटात एका पत्र्याच्या डब्यात ठेवले, शेजारी ओला कापूस घालून. त्यांना पांढरी बुरशी आली, आणि बायकोचा लोकरी स्वेटर तीन वेळा धुवावा लागला. तिसऱ्या खेपेला डब्यात किडा झाला. टाचणीने टोचावं तशी बारीक भोकं अकराच्या अकरा सिगारांना पडली होती. ते त्याने गच्चीच्या कोपऱ्यात जाळले.

अखेर त्याला मार्गी लावलं ते दुकानवाल्या मावशींनी. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं तंबाखूचं दुकान होतं. नवरा वारल्यावर त्यांनी ते हाती घेतलं होतं, आणि दुकानाच्या पोटात काचेची एक लहानशी खोली होती, तिथे सिगार ठेवलेले असायचे. त्या खोलीत शिरलं की कपाळाला दमटपणा लागायचा. मावशींनी त्याला सांगितलं, की सिगार म्हणजे पान आहे, झाडावरून उतरलं तरी पानच. कोरडं पडलं तर मरतं, भिजलं तर कुजतं. हवेत शंभरात पासष्ट ते सत्तर भाग ओल ठेवा, त्याच्या वर नको, खाली नको. आणि देवदाराच्या पेटीत ठेवा, किडा त्या लाकडाच्या वाटेला जात नाही.

पेटी सुताराने बनवली. एका मोडक्या जुन्या देवदारी पेटाऱ्याच्या फळ्या होत्या, त्याच तासल्या. आतून पॉलिश नको, वास येईल असं काहीच नको, असं बजावूनही सांध्यांना सुताराने वासाचा गोंद वापरला; नाकोबाने पेटी उघडली, बंद केली आणि परत दिली. सुताराने कपाळाला हात लावला, पण सांधे उकलून पुन्हा बसवले. झाकण असं नेमकं बसलं, की सोडून दिलं तर आतल्या हवेवर तरंगत सावकाश खाली यायचं. ओल दाखवणारं घड्याळासारखं छोटं यंत्र आत बसवलं. ते खरं दाखवतं की नाही हे बघायची युक्तीही मावशींचीच. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्यायचं, पाण्याचे थेंब टाकून ते ओलसर करायचं, यंत्रासकट एका पिशवीत गच्च बांधून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी काटा पंचाहत्तरावर असला पाहिजे. नाकोबा ही परीक्षा दर तीन महिन्यांनी घ्यायचा.

"माझा ताप तुम्ही कधी इतक्या काळजीने बघितला नाहीत," बायको म्हणायची.

बोलण्यात खोच असली तरी राग नव्हता. तिचा एकच नियम होता, धूर घरात नको आणि कपड्यांना लागलेला वास पलंगावर नको. गच्चीवर ती रविवारी दुपारी पाऊल टाकत नसे. मात्र शाळेतून उरलेल्या वह्या ती आणून द्यायची, आणि त्यांतल्या एकीत नाकोबा दर रविवारी चार ओळी लिहायचा. कुठला सिगार, किती महिने पेटीत होता, आणि वास कसकसा येत गेला. "जुना कागद, थोडं चामडं. शेवटी कडू." "सुरुवातीला काहीच नाही, मग एकदम पावाच्या भट्टीजवळून गेल्यासारखं." भाषा अशीच साधी. पण ओळी शेकडो झाल्या होत्या.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो मावशींच्या दुकानात जायचा आणि पाच किंवा सहाच सिगार घ्यायचा. अर्धा तास लावायचा. वरचं पान फाटलेलं नाही ना, शिरा जाड नाहीत ना, दोन बोटांत हलकेच दाबल्यावर कुठे पोकळ किंवा कुठे गाठ तर लागत नाही ना. कानाशी नेऊन दाबणारी गिऱ्हाइकं बघून त्याला हसू यायचं, कारण कानाला त्यात काही कळत नाही. शेवटी तो सिगारचं उघडं टोक नाकाशी न्यायचा, आणि मावशी हातातलं काम थांबवून त्याच्या तोंडाकडे बघायच्या.

असं वीस वर्षं चाललं. मग त्याला ताप आला.

ताप साधाच होता. आठवडाभर अंथरूण, घसा धरलेला, अंग ठणकतंय. नवव्या दिवशी तो कामावरही गेला. त्या रविवारी त्याने पेटीतला एक चांगला मुरलेला सिगार काढला, टोक कापलं, सावकाश पेटवला, आणि तोंडात नुसती गरम हवा आली. त्याला वाटलं सिगार गेला. दुसरा पेटवला. तीच गरम हवा, जिभेला किंचित कडवटपणा, बाकी शून्य. मग तो खाली स्वयंपाकघरात आला, कॉफीचा डबा उघडून त्यात नाक घातलं. मग लसूण. मग बाथरूममधली फिनेलची बाटली. डोळ्यांना पाणी आलं, पण वास आला नाही.

बायको शेजारच्या खोलीत वह्या तपासत होती. तिला तो काही बोलला नाही.

सर्दी उतरली की येईल, असं तो स्वतःला म्हणाला. पंधरा दिवस गेले, महिना गेला. घरी त्याचं पितळ उघडं पडलं नाही, याचं कारण गमतीचं होतं. पूर्वी तो जेवणाला शंभर नावं ठेवायचा. तेल शिळं आहे, दूध उद्या नासणार, हा तांदूळ जुन्या पोत्यातला आहे. आता समोर येईल ते तो मुकाट्याने खाऊ लागला. एकदा करपलेला पाव खाल्ला, एकदा आंबट झालेलं दूध प्याला. बायकोला वाटलं, इतक्या वर्षांनी नवऱ्याला शहाणपण सुचलं. तिने शिक्षकांच्या खोलीत हे कौतुकाने सांगितलंसुद्धा.

कामावर यंत्र होतंच. नियमाप्रमाणे यंत्रच वापरायचं असतं, नाकाचा कागदोपत्री कुठे उल्लेख नाही. नाकोबा शेगडीपाशी यंत्र धरी, मीटरपाशी धरी, प्रत्येक सांध्यापाशी धरी, साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघे आणि मगच सही करी. पूर्वी दहा मिनिटं लागायची तिथे आता चाळीस लागत. कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर बारा वर्षं त्याच्याबरोबर होता. त्याने एकदा विचारलं, की वय झालं का रे? नाकोबा म्हणाला, झालं असेल.

मग एका टायपिस्ट बाईंचा फोन आला. एका जुन्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. कुठल्याशा कचेरीत आयुष्यभर टंकलेखन करून निवृत्त झालेल्या. जाड भिंगांच्या चष्म्यातून त्यांना आता जेमतेम उजेड-अंधार कळायचा. सकाळपासून गॅसचा वास येतोय अशी त्यांची तक्रार होती. नाकोबाने सगळं नीट तपासलं. शेगडी, नळी, मीटर, सांधे. यंत्र गप्प. फेसात बुडबुडा नाही. त्याने सांगितलं, की काही नाही, खालच्या गटाराचा वास असेल.

बाई भिंतीला हात लावून उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझे डोळे गेलेत. नाक नाही गेलं."

तो पुन्हा एकदा सगळं तपासतो म्हणाला, तपासलं, यंत्र पुन्हा गप्प. तेवढ्यात ड्रायव्हर सहीचा कागद घेऊन वर आला. दाराजवळच्या बोळात बूट-चपलांचं कपाट होतं. तिथे तो थबकला आणि म्हणाला, "नाकोबा, इथे मरणाचा वास येतोय की."

कपाट दोघांनी मिळून ओढलं. मागे भिंतीतून वर गेलेली जुनी नळी होती, वरच्या मजल्याला जाणारी, नकाशात न दाखवलेली. यंत्र तिथे नेताच कर्कश ओरडू लागलं. यंत्र खोटं बोलत नाही, पण जिथे धरावं तिथलंच बोलतं. कुठे धरायचं हे आजवर नाक सांगत आलं होतं. मुख्य झडप बंद केली, सगळी इमारत खाली उतरवली, दुरुस्तीची तुकडी आली. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. टायपिस्ट बाईंना ड्रायव्हरने हाताला धरून जिना उतरवलं, आणि नाकोबा मागून त्यांची पर्स घेऊन आला. पर्स देताना त्याने त्यांची माफी मागितली. बाईंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि विचारलं, "तुम्हाला खरंच येत नव्हता?"

"नाही," तो म्हणाला. ही गोष्ट त्याने त्या दिवशी प्रथम कुणापाशी कबूल केली.

परत जाताना गाडीत ड्रायव्हरने त्याची समजूत घातली. एकतीस वर्षांत एक चूक, तीही कपाटामागची, नकाशात नसलेली. मी काही बघितलं नाही, तू काही सांगू नकोस, तीन वर्षांत निवृत्त होशील. बोलणारा माणूस मनाचा मोठा होता आणि त्याला खरंच मित्राची अब्रू झाकायची होती. नाकोबाने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरळ विभागाच्या मॅडमसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला सहा आठवड्यांपासून वास येत नाही. मला फिरतीवरून काढा."

मॅडमनी दार लावून घेतलं, त्याला बसायला सांगितलं आणि मधल्या सहा आठवड्यांतल्या सगळ्या पत्त्यांची यादी मागितली. ती सगळी घरं दुसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासून घेतली. कुठेही काही निघालं नाही. नाकोबाला ताकीद मिळाली, लेखी, आणि बदली तक्रारींच्या फोनवर झाली. कंपनीच्या डॉक्टरने नाकात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, की तापाने वासाच्या नसा दुखावल्यात. येईलही, न येईलही. रोज सकाळ-संध्याकाळ लिंबू, लवंग, निलगिरीचं तेल असे ओळखीचे वास हुंगत राहा.

घरी त्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी भडकली. नोकरीचं तिला काही वाटलं नाही.

"आपल्या घरातही गॅस आहे," ती म्हणाली. "सहा आठवडे मी तुमच्या नाकाच्या भरवशावर झोपले."

मग तिला आंबट दूध आठवलं, करपलेला पाव आठवला, आणि ती खुर्चीत बसून राहिली. आपण त्याच्या शहाणपणाचं कौतुक करत फिरलो याची तिला लाज वाटली असावी. त्या दिवसापासून लिंबू आणि लवंग तीच त्याच्या नाकाखाली धरू लागली, शाळेत निघण्यापूर्वी आणि आल्यावर, विद्यार्थ्याला गृहपाठ घालावा तशी.

तीन महिने झाले तरी फरक नव्हता. पेटीत सत्तेचाळीस सिगार होते. नाकोबा रोज काटा बघायचा, लागलं तर पेटीतल्या ओल धरणाऱ्या डबीत पाणी घालायचा, आणि झाकण लावून टाकायचा. गच्चीवरची खुर्ची त्याने खाली आणली. एका शनिवारी पेटी कापडात गुंडाळून तो मावशींच्या दुकानात गेला आणि म्हणाला, की हे घ्या, कुणी शौकीन आला तर द्या, मला आता ह्यांचा उपयोग नाही.

मावशींनी पेटी उघडली. एकेक सिगार बाजूला सारून तळापर्यंत बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या पेटीबद्दल फक्त ऐकलं होतं, ती पाहिली नव्हती. म्हणाल्या, ठेवलेत मात्र लेकरांसारखे. मग त्यांनी असं काही सांगितलं की नाकोबा बघतच राहिला.

"मी ह्यांतला एकही ओढलेला नाही. एकही. यजमान गेले तेव्हा मला कशातलं काही कळत नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, वास घ्यायचं, मी विचारायची, कसा आहे हो? ते जे सांगेल ते मी लक्षात ठेवायची. अर्ध्याहून जास्त तुमच्याकडून शिकले."

"पण मग मजा काय त्यात?"

"ऐकण्यात नसते का मजा?" मावशी म्हणाल्या, आणि पेटी बंद करून त्याच्याकडे सरकवली. महिन्याभराने पुन्हा आणा, तेव्हाही विकावीशी वाटली तर घेईन.

पेटी घरी परत आलेली बघून बायकोने विचारलं, तेव्हा त्याने मावशींचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती भांडी पुसत होती. तिने पुसता पुसता विचारलं, की मग तुम्हाला सांगणार कोण? त्याने तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नका."

रविवारी जेवण झाल्यावर तिनेच खुर्ची वर नेली. मग दुसरी नेली. वारा कुठून आहे ते पदर धरून बघितलं, स्वतःची खुर्ची वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवली, आणि म्हणाली की पेटवायच्या आधी माझ्याकडे द्या. त्याने दिला. तिने तो लांबूनच, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसा धरला, आणि नाकाशी नेला.

"गोणपाट," ती म्हणाली. "ओलं गोणपाट." मग थांबली. पुन्हा हुंगलं. "नाही. शाळेत नकाशांचं कपाट आहे ना, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर उघडतो आम्ही. तसा."

नाकोबाने वही वर आणली नव्हती. पण त्या जातीच्या सिगारसाठी आपण काय लिहिलंय हे त्याला पाठ होतं. जुना कागद, थोडं चामडं. त्याने पेटवला. ती सांगत गेली, की आता धूर जरा गोड झाला, आता शेजारी कुणी लाकूड तासतंय असं वाटतंय, आता मला ठसका लागला, थांबा. त्याला तोंडात नुसती ऊब लागत होती. पण ती 'लाकूड' म्हणाली तेव्हा त्याला सुताराच्या दुकानातला भुसा आठवला, पायाखालचा, मऊ. ऐकण्याच्या नादात त्याचा सिगार दोनदा विझला.

त्यानंतर हा परिपाठ पडला. मास्तरीणबाईला सिगारवाल्यांची भाषा येत नव्हती, म्हणून ती जे नाकाला भेटेल ते बोलायची. ओला स्वेटर. खडूचा डबा. लहान बाळाच्या डोक्याला येतो तसा. एकदा म्हणाली, बाबा कामावरून आल्यावर त्यांच्या कोटाला यायचा तसा, आणि मग आपल्या वडिलांबद्दल तासभर बोलत बसली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. त्यातलं निम्मं नाकोबाने कधी ऐकलंच नव्हतं. एक सिगार तिने हुंगताच बाजूला ठेवला, हा बिघडलाय म्हणाली, आणि कापून बघितल्यावर आत खरोखर बुरशी निघाली.

सगळंच गोडीगुलाबीचं होतं असं मात्र नाही. कप्तानाने मरण्याआधी नाकोबाला एक सिगार दिला होता, निवृत्तीच्या दिवशी ओढ म्हणून. सोनेरी कागदाची पट्टी होती त्याला. निवृत्तीचा दिवस आला, कंपनीत हारतुरे झाले, ड्रायव्हर बोलताना रडला, आणि संध्याकाळी दोघं गच्चीवर बसली. नाकोबाने तो पेटवला. बायकोने दोनदा धूर हुंगला आणि नाक मुरडलं.

"ह्यात काही दम नाही. जळक्या केसांसारखा येतोय."

नाकोबा उसळला. तो सिगार कसा आहे, किती जुना आहे, कुठल्या बंदरातून आलाय, आणि जिला अजून चामडं आणि गोणपाट ह्यांतला फरक कळत नाही तिने बोलावं का, असं तो बरंच काही बोलला. तीही गप्प बसली नाही. वास घ्यायला मला बसवलंय तर जो येतो तोच सांगणार, तुम्हाला हवा तो हवा असेल तर वही वाचत बसा. शेजारच्या गच्चीवरची माणसं कठड्याशी येऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने नाकोबाच्या लक्षात आलं, की तापानंतर आपण पहिल्यांदाच इतकं तावातावाने भांडलो. तो खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, बरं, जळके केस तर जळके केस. तसं लिहूनही ठेवलं.

वास पुढे थोडासा आला, पण वाकडातिकडा. कॉफी त्याला रबरासारखी लागते, लिंबू अजिबात येत नाही, आणि लवंग मात्र स्पष्ट येते. डॉक्टर म्हणतो एवढ्यावर समाधान माना. घरी गॅसची सूचना देणारी डबी भिंतीला बसवलीय. तक्रारींच्या फोनवर तो तीन वर्षं बसला. तिथे तो माणसांना खूप प्रश्न विचारायचा. वास कुठल्या खोलीत जास्त येतो, बसल्यावर येतो की उभं राहिल्यावर, कपाटामागे बघितलंत का. आणि कुणी बाई वास येतो म्हणाल्या, की येत नसेल असं तो कधीच म्हणाला नाही.

आता खरेदीला दोघं जातात. काचेच्या खोलीत मावशी आणि बायको एकमेकींना सिगार हुंगायला देतात आणि खालच्या आवाजात बोलतात, आणि नाकोबाला बाहेर स्टुलावर बसवतात, कारण आत तिघांना जागा नाही. त्याच्याकडे फक्त दाबून बघायचं काम उरलंय. मागच्या महिन्यात बायकोने एक काळपट, जाडजूड सिगार पसंत केला. त्याने दोन बोटांत धरून बघितला आणि सांगितलं, की मधे गाठ आहे, नीट ओढला जाणार नाही.

"वास चांगला आहे," ती म्हणाली.

"ओढायचा मला आहे."

"मग दोन घेऊ. एक हुंगायला, एक ओढायला," ती म्हणाली, आणि मावशींनी हसून दोन्ही कागदात गुंडाळले.